एस्टीमागचे अण्णा

नवसाला पावायला वेळ लावत नाही म्हणून वेळणेश्वर, अशी नावाची फोड आमच्याकडे सांगतात. त्याच गावात आमचे अण्णाकाका राहतात आणि गुहागर गाठायला अर्धा दिवस लावतात.

अण्णांची जुनी मारुती एटहंड्रेड आहे. ते बेड्याशी गाडी लावून, इंजिन बंद ठेवून एस्टीची वाट बघतात. एस्टी गेली की तिच्यामागे निघायचं. "रस्ता तिला पाठ आहे. ड्रायव्हराने ब्रेक मारलान म्हणजे पुढे गुरं तरी असणार, नाहीतर चिऱ्यांचा ट्रक." एस्टी थांब्यावर उभी राहिली की अण्णाही उभे. पालशेतला माणसं उतरतात, पोती उतरतात, कंडक्टर डबल घंटी देतो आणि अण्णा पहिला गिअर टाकतात.

मे महिन्यात पुण्याहून भाचा आला. तो संगणकावर खोटी वाहतूक चालवतो, म्हणजे पुढच्या गाडीमागे माणूस कसा जातो याचं गणित मांडतो. असा नमुना हातचा जाऊ द्यायचा नाही म्हणून अण्णांच्या शेजारी वही घेऊन बसला.

आधी प्रस्तावना झाली. 1950 च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांनी दोन गाड्यांमध्ये तार बांधून अंतर मोजलं.

"टोचन म्हणतात त्याला," अण्णा म्हणाले.

2008 साली छापून आलेल्या प्रयोगात जपान्यांनी 230 मीटरच्या रिंगणात 22 गाड्या सोडल्या. सिग्नल नाही, खड्डा नाही, तरी थोड्या वेळात आपोआप कोंडी झाली.

"पूर्ण प्रदक्षिणा घातलीत ना? महादेवासारखी अर्धी घालून परतायचं."

मग भाचा मुद्द्यावर आला. 2000 सालापासून जर्मनांचं एक सूत्र चालतं. चालकाबद्दलचे पाचेक आकडे दिले की त्यात अख्खा माणूस बसतो.

"पुढची गाडी गेली की तिथे किती सेकंदांनी पोहोचता?"

"तिचा धुरळा बसल्यावर."

"उभ्या गाड्यांत अंतर किती?"

"मधून म्हैस जाईल एवढं. गाभण असली तर जास्त."

"आणि रस्ता पूर्ण मोकळा असेल तर वेग?"

"मोकळा असेल तर निघेन कशाला?"

भाच्याने पेनाचं टोपण लावलं. सूत्राचा पहिलाच आकडा तो. मोकळ्या रस्त्यावर प्रत्येकाला काहीतरी वेग हवा असतो, हे जर्मनांनी गृहीत धरलेलं. (आयआयटी मुंबईत आपल्या बेशिस्त रस्त्यांच्या अरुंद पट्ट्या कल्पून गणितं करतात म्हणे. पण आमच्या रस्त्याला पट्टीच एक, तीही कडेने खचलेली.)

इतक्यात चढावर एस्टी बंद पडली. अण्णांनी म्हशीपुरतं अंतर सोडून हँडब्रेक ओढला.

"अण्णा, जागा आहे, काढा पुढे."

"पुढे कोण आहे?"

"कोणीच नाही."

"मग?"

भाच्याने मागे वळून पाहिलं. मुंबई-पुण्याच्या अकरा गाड्या शिस्तीत उभ्या होत्या. पहिलीतला माणूस उतरून आला. "काका, रस्ता बंद आहे का?"

"मेकॅनिक निघालाय गुहागरहून," अण्णा म्हणाले.

तो परत गेला, मागच्याला काहीतरी सांगून आला, आणि एकेक करत अकराही इंजिनं बंद झाली. भाच्याने टोपण काढलं.