तुरीच्या डाळीएवढा मान

धोंड्याच्या महिन्यात जावयाला जे मिळतं त्याला नावं ठेवू नयेत, एवढं मला कळतं. पण दुसऱ्या जावयाला काय मिळालं तिकडे बघू नये, असं कुठल्या पोथीत लिहिलेलं मला तरी सापडलेलं नाही.

आमची सासुरवाडी नसरापूर. मामांनी थोरली भोरला दिली, ती माझ्या घरी आली. धाकटी वेल्ह्याला दिली, ती साडूभाऊंच्या. पुण्याहून येताना चेलाडी फाट्याला वळलं की नसरापूर आणि पुढे वेल्हे. न वळता तसंच पुढे जाऊन कापूरहोळला वळलं की भोर. म्हणजे मामांनी जावईसुद्धा कालव्यासारखे दोन बाजूंना काढून दिले होते. त्यांची सारी हयात पाटबंधारे खात्यात गेली. हेडच्या शेतकऱ्याला जेवढं पाणी तेवढंच टेलच्याला, यावर त्यांनी आयुष्यभर भांडणं सोडवली आणि तोच कायदा घरात आणला. २००७ च्या अधिक महिन्यात आम्हा दोघांना चांदीची निरांजनं मिळाली. ती त्यांनी सोनाराच्या काट्यावर शेजारी शेजारी ठेवून घेतली होती. तरी साडूभाऊंचं दोन ग्रॅमनं जास्त भरलं. मी काही बोललो नाही. हे आत्ता लिहितोय ते वेगळं.

मग आला २०१० चा अधिक वैशाख. ऐन उन्हाळ्यात आम्ही पुरणाचे धोंडे आणि तेहतीस अनारसे यांचा मुकाबला करत असताना मामींनी ताटाशेजारी दोन खोकी आणून ठेवली. आत खिशात मावणारे डिजिटल कॅमेरे. मामा स्वतः पुण्याला जाऊन घेऊन आले होते. दुकानात एकाच मॉडेलचे दोन नग नव्हते, म्हणून सारख्या किमतीचे दोन वेगळे आणले. पावती त्यांनी आम्हा दोघांना वाचून दाखवली. किमतीत एका रुपयाचा फरक नव्हता आणि तिथेच सगळं बिघडलं. किंमत सारखी म्हटल्यावर मालात कमीजास्त असणारच, हे भोरच्या मंगळवारच्या बाजारात वांगी घेणाऱ्यालाही कळतं. कोणाला जास्त मिळालं, एवढंच आता शोधायचं होतं.

दिवसही तसेच होते. त्या एका वर्षात जगभरात असले छोटे कॅमेरे दहा कोटींहून जास्त बाजारात गेले. कॅसिओनं २००२ मध्येच साडेअकरा मिलिमीटरहून कमी जाडीचा कॅमेरा काढून दाखवला होता, म्हणजे आमच्या बँकेच्या पासबुकाच्या कव्हरात बसेल इतका. त्यानंतर सगळ्या कंपन्यांना बारीक होण्याचा ध्यास लागला होता. तो माणसांना का लागत नाही, असा विचार मी चौथा धोंडा घेताना केला.

माझा कॅमेरा दहा मेगापिक्सेलचा, तीनपट झूमचा. बटण दाबलं की लेन्स 'घुर्रर्र' करत बाहेर यायची आणि बंद केलं की आत जायची, म्हणून घरात त्याचं नाव पडलं कासव. साडूभाऊंचा चौदा मेगापिक्सेलचा, चारपट झूमचा. त्याची लेन्स बाहेर येतच नसे. पुढचं झाकण खाली सरकवलं की कॅमेरा चालू. ही युक्ती मिनोल्टानं २००२ मध्ये आणली होती. आत एक लोलक बसवायचा, आलेला उजेड काटकोनात वळवायचा आणि सगळी भिंगं कॅमेऱ्याच्या पोटात उभी मांडायची. युक्ती झकास आहे. पण चपटी, चंदेरी आणि सरकत्या झाकणाची वस्तू वेल्ह्याच्या घरात आली तेव्हा तिच्याकडे लोलक म्हणून कोणी बघणार नव्हतं. साडूभाऊंच्या वडिलांनी, तात्यांनी, तिसऱ्याच दिवशी अंगठ्यानं झाकण सरकवलं आणि सवयीप्रमाणे तर्जनी आत घासली. चुना लागेना म्हणून आणखी जोरात घासली. मग तळहातावरच्या तंबाखूकडे बघत म्हणाले, "डबी वाळली गं, पाणी घाल." सूनबाई वाटीत पाणी घेऊन निघाल्याही होत्या. साडूभाऊ वेळेवर पोचले म्हणून पुढचा निबंध लिहिता येतोय. त्या दिवसापासून तो कॅमेरा म्हणजे डबी. आणि त्यानंतरच्या फोटोंत प्रत्येक चेहऱ्याभोवती जो धुरकट गोडवा दिसायचा त्याला साडूभाऊ 'सॉफ्ट फोकस' म्हणायचे.

"चौदा आहेत, भाऊ," ते मला दर रविवारी फोन करून सांगत. "तुमचे दहा. चार मेगापिक्सेल म्हणजे काय थोडे झाले?"

मला उत्तर सुचत नसे. शेवटी मी भोरातल्या एका फोटो स्टुडिओवाल्याला विचारलं. त्यानं काउंटरवरच्या कागदावर पेनानं एक ठिपका काढला. म्हणाला, दोन्ही कॅमेऱ्यांच्या आत उजेड पकडणारा जो सेन्सर आहे तो एकाच मापाचा, साधारण सहा मिलिमीटर लांब आणि साडेचार रुंद. तुरीची डाळ. कागदावर त्याला 'एक छेद दोन पॉइंट तीन इंच' म्हणतात, पण त्या इंचाशी डाळीचा काही संबंध नाही. पूर्वीच्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असायच्या, त्यांच्या बाहेरच्या व्यासावरून पडलेली ती मापं आहेत. मला हे लगेच पटलं. आमच्याकडेही जमिनीचं माप कागदावर एक आणि बांधावर एक असतं.

पुढचं मी मावळातला असल्यामुळे आपोआप कळलं. डाळ म्हणजे खाचर आणि उजेड म्हणजे पाऊस. माझ्या खाचराचे दहा वाटे झालेत, साडूभाऊंच्याचे चौदा. सातबाऱ्यावर नावं वाढली म्हणून खाचर वाढत नाही. पाऊस तेवढाच, मग चौदातल्या एकेकाच्या वाट्याला पाणी कमी येणार. दुपारच्या उन्हात म्हणजे धो धो पावसात कोणाचंच अडत नाही. संध्याकाळी चुलीच्या उजेडात फोटो काढला की मात्र चौदाही भाऊबंद कोरडे पडतात आणि फोटोत तीळ पेरल्यासारखे ठिपके उगवतात. मी हे फोनवर सांगितल्यावर साडूभाऊ थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दहा वाटे तरी कुठं कमी आहेत?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ठिपके माझ्याही फोटोत यायचे.

तेव्हा समोरासमोर परीक्षा घ्यायची ठरली. एक सामना भोरात, एक वेल्ह्यात आणि निकाल लागला नाही तर तिसरा गडावर. पंच मामा.

ऑगस्टात भाटघर भरलं. लॉइड धरण म्हणून १९२० च्या दशकात बांधून पूर्ण झालेलं हे धरण. त्याच्या पाण्याला आता येसाजी कंकांचं नाव आहे आणि त्यात साडेतेवीस टीएमसी पाणी मावतं, हे मामांनी गाडीतून उतरता उतरता सांगून टाकलं. खात्यातला माणूस धरणाकडे बघून 'वा' म्हणत नाही, टीएमसी म्हणतो. दरवाजांतून दुधासारखं पाणी उसळत होतं आणि फेसासमोरून बगळे जात होते. आम्ही दोघांनी एकाच बगळ्यावर नेम धरला. या कॅमेऱ्यांचं एक होतं. बटण दाबणं आणि फोटो निघणं यांत तसाच वेळ जायचा, जसा कंडक्टरनं डबल बेल दिल्यापासून यष्टी हलेपर्यंत जातो. आतमध्ये काहीतरी विचार चालायचा. माझ्या फोटोत बगळ्याचे फक्त पाय आले. साडूभाऊंच्या फोटोत बगळा आलाच नाही, पण मागचं धरण आलं. मामांनी दोन्ही पडदे जवळ धरून पाहिले आणि विचारलं, "दरवाजे किती उघडे आहेत ते मोजता येतंय का?" येत नव्हतं. फेस आणि भिंत दोन्ही एकच पांढरं झालं होतं. सामना बरोबरीत.

दुसरा सामना वेल्ह्यात. इथे साडूभाऊंकडे एक हुकमी पान होतं. डबी माणसाचं हसू ओळखायची. सोनीनं २००७ मध्ये हा प्रकार बाजारात आणला होता आणि मग त्याची साथच आली. कॅमेरा समोर धरायचा, समोरचा हसला की फोटो आपोआप निघणार. अडचण अशी होती की समोर तात्या बसले होते. तात्या शेवटचे केव्हा हसले याबद्दल घरात मतभेद होते. मेंगाईच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याला खुर्ची टाकून त्यांना बसवलं. साडूभाऊ कॅमेरा धरून उभे. तात्या बघतायत, कॅमेरा बघतोय. पाच मिनिटं झाली. माझी बायको म्हणाली, "अहो, त्यांना एखादा विनोद तरी सांगा." मी सांगितला. तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच हसायचा थांबलो. आणि तेवढ्यात खट्‌ करून फोटो निघाला! साडूभाऊंनी आनंदानं उडीच मारली. फोटो पाहिला तर तात्या होते तसेच, आणि त्यांच्या डोक्यामागे वाढदिवसाच्या फ्लेक्सवर एक भावी आमदार बत्तीस दात दाखवत होते. कॅमेऱ्यानं त्यांचं हसू खरं धरलं होतं. पुढच्या दहा मिनिटांत भावी आमदारांचे नऊ फोटो निघाले. प्रत्येकात खाली, जरा आउट ऑफ फोकस, तात्या.

माझं कासव त्या दिवशी चाललंच नाही. आदल्या आठवड्यात आमच्या सौ. ते पर्समध्ये घेऊन आंबेमोहर भरडायला गिरणीत गेल्या होत्या. लेन्स एकदा बाहेर काढून गिरणीवालीच्या नातवाचा फोटो घेतला आणि तेवढ्यात कोंडा आत गेला. आता कासव मान काढायचं, 'गर्रर्र' करून अर्ध्यावर थांबायचं आणि पडद्यावर इंग्रजीत काहीतरी दुःख व्यक्त करायचं. स्टुडिओवाल्यानं उपाय सांगितला, उलटा धरून हळूच थोपटा, लहान मूल ढेकर देईपर्यंत थोपटतात तसा. मी मांडीवर घेऊन थोपटत बसलो. थोडा कोंडा पडला. तात्या तेव्हा हसले, असं सगळे म्हणतात. फोटो कोणाकडेच नाही, कारण डबी त्या वेळी फ्लेक्सकडे तोंड करून होती.

तिसरा सामना राजगडावर. गुंजवण्यातून चोर दरवाजानं पद्मावती माचीवर आणि तिथून सुवेळा माचीवरच्या नेढ्यापर्यंत. मामा खाली गुंजवण्यातच चहा पीत थांबले. निकाल लेखी द्या म्हणाले. चढताना दोन्ही कॅमेरे प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी टिफिनच्या डब्यात आणि डबा सॅकमध्ये. खिशात मावणारा कॅमेरा पावसाळ्यात वर न्यायला किती सामान लागतं, हे कुठल्या जाहिरातीत सांगत नाहीत. नेढ्यात पोचलो तेव्हा धुकं इतकं दाट की साडूभाऊ फक्त खोकल्यावरून कळत होते. तरी दोघांनी कर्तव्य म्हणून एकेक फोटो काढला. उतरून मामांना दाखवले. एक दहा मेगापिक्सेलचं धुकं होतं, एक चौदा मेगापिक्सेलचं. मामांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "दोन्हीकडं सारखं पोचलंय." आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या वाटपात कोणाची तक्रार निघू शकली नाही आणि त्या समाधानात ते परतीला गाडीत झोपले.

पुढे फोन आले, आणि फोनमध्ये कॅमेरे आले. जगात वर्षाला दहा कोटींनी जाणारी ती जमात २०२३ पर्यंत वीस लाखांच्याही खाली आली. कासव आमच्या कपाटात निरांजनाशेजारी गेलं, डबी वेल्ह्यात कुठंतरी. २०२४ मध्ये सरकारनं वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं तेव्हा साडूभाऊंचा फोन आला होता. "आता बोला भाऊ, गडाचं नाव कोणाला मिळालं?" कॅमेऱ्याचा विषय निघाला नाही. मीही काढला नाही.

या दिवाळीला पुण्याच्या कॉलेजातून लेक घरी आली आणि कपाट उपसून बसली. तिला कासव हवं होतं. तिच्या वर्गात म्हणे सगळ्यांकडे असले जुने डिजिकॅम आहेत, जुन्या बाजारात चढ्या भावानं विकले जातात, आणि २०२५ मध्ये तर कॅननला आपलंच २०१६ चं एक मॉडेल शेपटीला एक अक्षर जोडून जास्त किमतीला परत आणावं लागलं. मी म्हणालो, "अगं, तुझ्या फोनचा कॅमेरा याच्या शंभरपट चांगला आहे."

"तेच तर," ती म्हणाली. "फोनमध्ये सगळं फार चांगलं येतं. यात कसं, मस्त घाण येतं."

चार्जर सापडला. कासवानं मान काढली, गर्रर्र केलं, अर्ध्यावर थांबलं. मी सवयीनं थोपटलं. पंधरा वर्षांपूर्वीचा कोंडा पडला आणि लेन्स बाहेर आली. लेकीनं संध्याकाळी तुळशीपाशी आईचा एक फोटो काढला. चेहरा फ्लॅशनं चुन्यासारखा पांढरा, मागे मिट्ट काळोख, डोळे लाल आणि सगळीकडे तीळ. लेक हरखून नाचायलाच लागली. "बाबा, हा तर कसला भारी आहे! याच्याइतका वाईट कॅमेरा आमच्या अख्ख्या ग्रुपमध्ये नाही!"

मी तडक साडूभाऊंना फोन लावला. पंधरा वर्षं वाट पाहिलेला निकाल होता. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. लाल डोळेही ऐकले.

"भाऊ," ते शांतपणे म्हणाले, "तुमचे दहा वाटे. माझे चौदा. तीळ कोणात जास्त पडणार, तुम्हीच सांगितलं होतं."

"पण माझ्यात कोंडा आहे."

"माझ्यात तात्यांचं बोट आहे," साडूभाऊ म्हणाले. "शिवाय सेल उतरल्यापासून प्रत्येक फोटोवर १ जानेवारी २०१० छापतो. मामांना विचारा, भाऊबीजेला नसरापूरला येताय ना? मी घेऊन येतो."

मी कासव चार्जिंगला लावलं आणि सौ.ना विचारलं, गिरणी उद्या चालू असते का.