साठ आकडी बहिर्जी

आमच्या सोसायटीतल्या बहिर्जी नाईकांना तुम्ही ओळखता. तुमच्याकडेही असतीलच, नसतील तर आत्ता जिना चढत असतील. आमचे बँकेतून निवृत्त झालेले. कुणाकडे डेस्कटॉप दिसला की, "सिग्नल टाकलंय का?" मग खुर्ची आपली, चहा आपला आणि माउस त्यांच्या हातात.

काम खरं तर पाच मिनिटांचं. फोनवर सिग्नल हे निरोपांचं ॲप असलं की ते संगणकावर उतरवायचं, पडद्यावरचा क्यूआर कोड फोनच्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मधून टिपायचा. संपलं. बहिर्जींचं मात्र तिथून सुरू होतं. सेफ्टी नंबर! साठ आकडे, पाच-पाचचे बारा गट. तेही फोनने टिपून क्षणात जुळतात, पण मग ओरडायचं कधी?

"चष्मा लावा! दोन सात शून्य चार एक!" जिन्यातून, वरच्या मजल्यावरच्या वहिनींना. आठव्या गटाला कुकरची शिट्टी झाली, पुन्हा पहिल्यापासून. दूधवाल्याचे चार गट पाठ झालेत. "अहो, गुप्त म्हणता आणि बोंबलून सांगता?" तर म्हणे, "आकडा गुप्त नसतोच. जुळला की मध्ये कुणी घुसलेलं नाही, एवढंच." व्हॉट्सॲपलाही कुलूप आहे की, म्हटलं. "२०१६ पासून. तेही सिग्नलवाल्यांच्याच बनावटीचं. पण कोण कुणाशी किती वाजता बोललं, ती वही कुणाकडे राहते?"

एवढ्या बंदोबस्तात वहिनींचा पहिला निरोप गेला : 'लिफ्ट बंद आहे.' पुढे त्यांनी फोन बदलला, सेफ्टी नंबर बदलला. पुन्हा साठ!

एक मात्र मानावं लागतं. आपण टाइप करायला लागलो की हा माणूस खुर्ची भिंतीकडे फिरवतो. आमच्याकडे कुरिअरच्या खोक्यात काय आहे ते तळमजला आधी सांगतो. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं लग्न मोडलं, ते तिच्या आईआधी पार्किंगला कळलं. तिच्या संगणकावर सिग्नल यांनीच बसवलं, तासभर तिथे होते. खाली आल्यावर सगळ्यांनी घेरलं, काय लिहीत होती?

"मी कॅलेंडर बघत होतो," म्हणाले.

मार्च चालू होता, आणि त्या घरातलं कॅलेंडर गेल्या वर्षीचं होतं.

तुमच्याकडचे आले तर चहा द्या. साखर दीड चमचा. आणि साठच्या साठ आकडे वाचू द्या.