जावईबापूंचा पाय

आमचं घर होळकरांच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आहे आणि छप्पर कौलारू आहे. इंदुरात कौलाला कवेलू म्हणतात, मराठी घरांतसुद्धा. हे छप्पर बदलायचं की नाही, हा वाद माझ्या मुंजीच्या आधीपासून चालू आहे. त्यात नानाकाकांचा मुद्दा एकच. ते उठून खिडकीपाशी जातात आणि राजवाड्याच्या दिशेनं बोट करतात.

"तीनदा जळालाय. 1801 मध्ये शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यानं जाळला. 1834 मध्ये पुन्हा आग. 1984 च्या दंगलीत मागची बाजू गेली. आपलं छप्पर एकदा तरी जळालंय का?"

"मग जळेपर्यंत थांबायचं का, नाना?" माझ्या बायकोनं एकदा विचारलं.

"मागची बाजू 2007 मध्ये पुन्हा उभी राहिली, सूनबाई. तेवीस वर्षं. होळकरांना घाई नव्हती, तुला कसली?"

छप्पर गेलं हे गळतीवरून कळतं, असं लोकांना वाटतं. गळती ही फार उशिराची गोष्ट. आम्हाला पहिली शंका आली ती वासावरून. सराफा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. रात्री सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात. एका थंडीत दारंखिडक्या गच्च लावून पांघरुणात शिरलो, तर भुट्ट्याचा कीस नाकाशी हजर. हिंग, मोहरी, दूध, सगळं ओळखू येत होतं. बायको म्हणाली, "हे दारातून आलेलं नाही." दोघांनीही वर पाहिलं.

माळ्यावर भर दुपारी कवडशांची नुसती रांगोळी पडायची. नानांनी तिचं घड्याळ करून टाकलं होतं. मोठा कवडसा तांदळाच्या डब्यावर आला की साडेअकरा, जात्यावर सरकला की जेवायची वेळ. छप्पर दुरुस्त केलं तर वेळ कशी कळणार, हाही त्यांचा एक आक्षेप होता. घरात भिंतीवरची दोन घड्याळं आहेत.

मग आली रंगपंचमी. इंदूरची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, ज्यांनी पाहिली नाही त्यांना एवढंच सांगतो, की राजवाड्यासमोर त्या दिवशी तीन-चार मजल्यांपर्यंत रंग उडतो आणि आसपासच्या प्रत्येक घराला अचानक नातेवाईक होतात. आमच्याकडे सत्तावीस होते. गच्ची लहान, म्हणून आत्याचे जावई अधिक चांगलं दिसावं या हेतूनं कौलांवर सरकले. खाली स्वयंपाकघरात आई पुरणपोळ्या लाटत होती. कड् असा आवाज झाला, थोडी माती पडली आणि आढ्याच्या जरा खालून एक पाय आत आला. गुडघ्यापर्यंत, पांढरा पायजमा, वर गुलाल. मोजडी थेट परातीत.

आत्या सगळ्यांत आधी सावरली. तिनं पाय ओळखला. "अगंबाई, जावईबापू!" म्हणाली आणि सवयीनं पदर डोक्यावर घेतला. वरून जावईबापू म्हणाले, "काही नाही, काही नाही, बसा तुम्ही." पाय काढून घ्यायला चौघं लागले.

दुसऱ्या दिवशी कवेलूवाला आला. हा माणूस दर मे महिन्यात येऊन कौलं चाळून जायचा. सरकलेलं सारखं करायचं, फुटलेलं बदलायचं, माकडांना चार शिव्या द्यायच्या. या वेळी त्यानं आधी कौलांवर बोटाच्या पेरानं टिचक्या मारल्या. चांगलं कौल टण् वाजतं, भेग गेलेलं बद्द बोलतं. बहुतेक टण् वाजली. नाना विजयानं आमच्याकडे पाहू लागले. "होळकरांच्या वेळची आहेत." त्यानं एक कौल उलटं केलं, तर पाठीवर इंग्रजी अक्षरांत कारखान्याचा ठसा. मंगलोरी. ही कौलं बासेल मिशनच्या पाद्र्यांनी 1860 च्या दशकात मंगळुरात करायला घेतली, हे मला माहीत होतं. तेवढ्यात बोललो नाही.

मग त्यानं पेचकस काढला आणि वाशात टोचला. श्रीखंडात चमचा जावा तसा तो मुठीपर्यंत गेला. बाहेर आला तो वाळवीची माती घेऊन. मग आम्हाला गल्लीपलीकडच्या ओट्यावर नेऊन उभं केलं. "आढं बघा." आढं मधोमध म्हशीच्या पाठीसारखं खचलं होतं. चाळीस वर्षं आम्ही रोज त्याच ओट्यावर गप्पा मारत बसतो.

"भिया," तो म्हणाला, "कवेलू तो अच्छे हैं। लकड़ी गई।" जुनं कौल पाणी पितं आणि जड होतं, शेकड्यांनी तशी कौलं म्हटल्यावर पहिल्या जोरदार पावसात सगळं एकदम खाली येईल, असं त्याचं म्हणणं. नाना म्हणाले, दिवाळीनंतर बघू.

जूनच्या मध्यात पहिली सर आली. नाना नुकतंच परीटघडीचं धोतर नेसून झोपाळ्यावर बसले होते. टप् करून थेंब पडला. गुलाबी. मग दुसरा. रंगपंचमीचा गुलाल तीन महिने कौलांखाली दबा धरून होता. पाच मिनिटांत नाना गेरमध्ये जाऊन आल्यासारखे दिसू लागले. ते उठले, खिडकीपाशी गेले, बोट केलं. आम्ही 1801 ची वाट पाहू लागलो.

"सात मजले," ते म्हणाले. "खालचे तीन दगडी. वरचे चार लाकडी. लाकूडच दगा देतं."

भिंती जुन्या मातीच्या, त्या स्लॅब पेलणार नव्हत्या. मग ताडपत्रीवर पावसाळा काढला आणि दसऱ्याला लोखंडी कैच्या बसवल्या. वर तीच कौलं, टण् वाजणारी तेवढी. ती नानांनी स्वतः वाजवून निवडली. आता ते सगळ्यांना सांगतात, "छप्पर बदललेलंच नाही. आतलं लाकूड तेवढं काढलं."

फाल्गुनात जावईबापूंचा फोन आला. गेर बघायला येऊ का, म्हणाले.

"या की," नाना म्हणाले. "यंदा दारानं या."