गाडी काऊन उभी आहे?

ट्रक धावतो तोवर मालकाचा फोन येत नाही. ट्रक थांबला की येतो. वर्धा जिल्ह्यातल्या जाम चौरस्त्यावर चहाला उतरलेल्या ड्रायव्हरांना विचारा. ग्लास हातात येईस्तोवर खिशातला मोबाइल वाजतो आणि पलीकडून नमस्कार-चमत्कार न होता थेट सवाल येतो, “गाडी काऊन उभी आहे?” डॅशबोर्डच्या आत बसवलेल्या जीपीएसच्या डबीने शेठला कळवलेलं असतं की इंजिन बंद आहे, वेग शून्य आहे आणि हे असं इतकी मिनिटं चाललंय. त्याच डबीला हेही ठाऊक असतं की त्याआधी हे इंजिन रात्रभर बंद झालेलं नव्हतं. त्यासाठी कोणी फोन करत नाही.

माझं भांडण डबीशी नाही, तिला काय विचारलं जातं त्याच्याशी आहे. डिझेल किती गेलं, गाडी वाट सोडून कुठे वळली, ब्रेक किती जोरात दाबला, हे सगळं तिला विचारतात. माणूस किती तास जागा आहे, एवढं मात्र विचारत नाहीत. सलग चालवण्याचा इशारा देण्याची सोय अशा अनेक यंत्रणांमध्ये आहे. ती चालू करायला एक बटण दाबावं लागतं, आणि ते दाबण्यात मालकाचा फायदा नसतो.

वर्धा जिल्ह्याला हा विषय परका नाही. ४४ क्रमांकाचा महामार्ग जाम, हिंगणघाटवरून हैदराबादकडे जातो. चंद्रपूरचा कोळसा आणि सिमेंट जामलाच त्याला येऊन मिळतं. ५३ क्रमांकाचा कारंजा, तळेगाववरून अमरावती गाठतो, ३६१ क्रमांकाचा सेलू, देवळीवरून यवतमाळकडे उतरतो. आणि सेलू, वर्धा, आर्वी या तीन तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला आहे. चारही रस्त्यांवर रात्रभर ट्रक असतात.

आता समृद्धीचा हिशेब मांडू. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, आठ तासांत पोहोचा, अशी त्याची कीर्ती. ती कारसाठी खरी आहे. मालवाहू गाडीला तिथे ताशी ८० ची मर्यादा आहे. नागपूरहून निघालेला ट्रक एकदाही न थांबता, एकदाही वेग न उतरता, बरोबर ८० ने चालला तरी आठ तासांत ६४० किलोमीटर जातो, म्हणजे कसाबसा इगतपुरीपर्यंत. आणि आठ तास हीच कायद्याची मर्यादा आहे. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली. पाच तास म्हणजे ४०० किलोमीटर, म्हणजे जालना ओलांडेपर्यंत एक थांबा झालाच पाहिजे. मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्यांपुरतंच हे आहे असं म्हणण्याची पळवाटही नाही, कारण १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ९१व्या कलमाने तेच तास प्रत्येक वाहतूक वाहनाच्या चालकाला लागू केले. १९६१चा कायदा आता नव्या श्रमसंहितेत सामावला गेलाय. आठ तास तिथेही आहेत.

साठ वर्षांहून जास्त काळ नियम आहे आणि चालवलेल्या तासांची नोंद कुठेच होत नाही. पूर्वी निदान सबब होती की नोंद ठेवणार कशी. आता तर २०२१च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा आहे. गाडी कुठल्या टोलनाक्यावरून किती वाजता गेली याचा शिक्का मिनिटासकट साठतो. जीपीएसची नोंद वेगळीच. पुरावा ढीगभर आहे. तो मागणारा अधिकारी नाही.

“माल वेळेत पोचला नाही तर ई-वे बिल संपतं ना भाऊ,” असं कारण हमखास पुढे येतं. ते तपासून बघा. जानेवारी २०२१पासून दर २०० किलोमीटरला, किंवा त्याच्या तुकड्याला, एक दिवस असा ई-वे बिलाचा नियम आहे. सातशे किलोमीटरला चार दिवस मिळतात. २०० किलोमीटर म्हणजे ८० च्या वेगाने अडीच तासांचं काम! करखात्याने ड्रायव्हरला झोपायला, जेवायला, अंघोळीला भरपूर वेळ दिलाय. घाई सरकारी कागदाची नाही. ती माल मागवणाऱ्याची आहे, आणि महिन्यात आणखी एक खेप बसवू पाहणाऱ्या मालकाची आहे. तिचं बिल ड्रायव्हरच्या डोळ्यांवर फाडलं जातं.

केबिनमधलं दुसरं यंत्र म्हणजे ड्रायव्हरचा स्वतःचा मोबाइल आणि त्यावरचा नकाशा. गूगलच्या नकाशात कार आहे, मोटारसायकल आहे, पायी चालणारा आहे, ट्रक नाही. गाडी किती उंच, किती लांब, किती टनाची, हे तो विचारतच नाही. कंटेनर लादलेल्या गाडीला साडेचार मीटरपर्यंत उंचीची मुभा आहे, आणि गावाकडच्या कित्येक भुयारी वाटा त्याहून बुटक्या असतात. जानेवारी २०२१मध्ये नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात नकाशा बघत रात्री निघालेली एक कार पाण्याखाली गेलेल्या पुलावरून थेट धरणाच्या पाण्यात गेली, आणि चालक बुडाला. एरवी कार चुकली तर निदान वळवता येते. चौदा चाकी गाडी रात्री दोन वाजता गावाच्या बोळात शिरली की मागे घ्यायला क्लीनर लागतो, आणि क्लीनर तर मालकाने केव्हाच कमी केला. पूर्वी राष्ट्रीय परवान्याच्या गाडीला दोन ड्रायव्हर आणि एकाला आडवं होण्यापुरती जागा, अशी अट होती. पुढे ती ढिली पडली. आज एकटा माणूस चालवतो, वाट बघतो, फोन घेतो, बिल्टी सांभाळतो आणि मालावर पहाराही देतो.

एक यंत्र कारवाल्यांसाठी बनवलं, दुसरं मालकासाठी. ज्याच्या समोर दोन्ही लावलीत त्याचा विचार दोन्हींतही नाही.

बाहेरच्या देशांत ड्रायव्हरचे तास मोजणं जमवलंय. युरोपात २००६पासून नव्या ट्रकांत डिजिटल टॅकोग्राफ आहे. त्यात ड्रायव्हरचं स्वतःचं कार्ड घालावं लागतं. साडेचार तास चालवलं की पाऊण तास विश्रांती, आणि नोंद गाडीच्या नावाने नाही, माणसाच्या नावाने. आपल्याकडच्या डबीत नेमकं हेच नाही. तिला गाडी कळते, सुकाणूवर कोण आहे ते कळत नाही. अमेरिकेने डिसेंबर २०१७मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची केली. अकरा तास चालवणं, मग दहा तास सुट्टी. तिथले ड्रायव्हर रस्त्यावर उतरले, आणि त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. घड्याळ संपलं तेव्हा गाडी उभी करायला जागाच नव्हती.

आपल्याकडे तर ही अडचण आधीच उभी आहे. समृद्धी सुरू झाला तेव्हा पंप, जेवण, स्वच्छतागृह यांची वानवा होती. कडेला ट्रक लावून झोपणं तिथे जिवावरचं आहे, झोपणाऱ्याच्याही आणि मागून येणाऱ्याच्याही. म्हणून आधी जागा हवी. येळाकेळी आणि विरूळच्या इंटरचेंजजवळ, जामला, तळेगावला. दिवे, पाणी, संडास आणि राखणदार असलेला तळ. डिझेल आणि ताडपत्रीच्या दोऱ्या चोरीला जाणार नाहीत असा भरवसा असेल तरच माणूस डोळे मिटेल.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि ही कोणी बोलत नाही. ड्रायव्हरला खेपेवर पैसे मिळतात. तास मोजायला लागलात आणि मजुरी खेपेवरच ठेवलीत, तर नोंदवही त्याचाच खिसा कापेल. मग तोच डबीची वायर काढील, आणि मी त्याला दोष देणार नाही. रोजंदारी किंवा पगार, आणि थांबलेल्या वेळेचेही पैसे, हे ठरल्याशिवाय तासांची सक्ती आणू नका.

शेजारच्या नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०२१मध्ये वैमानिकांप्रमाणे ट्रकचालकांचेही तास बांधून द्यावेत, अशी बाजू मांडली होती. त्यांच्याच रस्ते वाहतूक खात्याने १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या नव्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची केली. मे महिन्यात ४७ अंशांवर तापणाऱ्या विदर्भात याचं मोल मला कळतं. ते केलं, चांगलं केलं. तास मात्र राहिले ते राहिलेच.

दिल्लीची वाट न बघता जिल्ह्यात एक काम होऊ शकतं. एमएच-३२च्या परिवहन कार्यालयाने जामला एक आठवडा तपासणी लावावी. वजन बघता, कागद बघता, तशी मागच्या चोवीस तासांच्या फास्टॅगच्या वेळाही बघा. आठ तासांच्या वर गाडी चाललेली दिसली आणि आत ड्रायव्हर एकच असला, तर त्याच्या नावाने चलान फाडू नका. त्याला तिथेच झोपू द्या, आणि मालकाला तुम्ही फोन लावा. गाडी काऊन उभी आहे, ते त्याला तुम्हीच सांगा.