चिमूटभर मातीची साक्ष

शेतकऱ्याच्या घरात पोराला शिकवतात ते त्यानं मातीतून सुटावं म्हणून. बी.एस्सी. ॲग्रीपर्यंत घरचे निर्धास्त असतात. पुढे कृषी अधिकारी आहे, बँक आहे, काहीच नाही जमलं तर खताच्या कंपनीची मोटारसायकल आहे. मग एक दिवस पोरगं सांगतं, एम.एस्सी.ला नंबर लागला, विषय मृदविज्ञान. "म्हणजे?" "माती." वडील पायाच्या अंगठ्यानं तीच वस्तू उकरत थोडा वेळ उभे राहतात आणि विचारतात, "त्यात दोन वर्षं शिकवतात तरी काय?"

प्रश्न रास्त आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं महाराष्ट्रात आहेत आणि चारही ठिकाणच्या मातीच्या विद्यार्थ्यांना सुट्टीत गावी गेलं की तो ऐकावा लागतो. ज्याला द्राक्षबागेची स्वप्नं पडतात तो उद्यानविद्येला जातो. ज्याला बोंडअळीशी वैर धरायचंय तो कीटकशास्त्राला. ज्याचं काहीच ठरलेलं नसतं तो मातीत येतो. मी या शेवटच्या गटातला.

माझ्या मते त्या दोन वर्षांत शिकवतात ती एकच गोष्ट: चिमटीवर भरवसा ठेवायचा, पण किती? एक हेक्टर रानाचा वरचा पंधरा सेंटिमीटरचा थर तोलला तर पाठ्यपुस्तकी हिशेबानं २२ लाख ४० हजार किलो भरतो. त्यातली प्रयोगशाळेत पोचते ती अर्धा किलो. त्या अर्ध्या किलोतून सेंद्रिय कर्ब काढायला फ्लास्कमध्ये पडतो १ ग्रॅम. या एका ग्रॅमनं बावीस लाख किलोंच्या वतीनं साक्ष द्यायची आणि ती ऐकून शेतकऱ्यानं दुकानातून किती पोती उचलायची ते ठरवायचं.

म्हणून साक्षीदार निवडण्याचे नियम कडक. रानात नागमोडी चालायचं, आठ-दहा जागी इंग्रजी व्हीच्या आकाराचा खड्डा घ्यायचा. बांधालगत नको, झाडाखाली नको, उकिरड्याजवळ नको, गुरं बसतात तिथली नको. सगळी माती गोणपाटावर एकत्र करायची, चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, पुन्हा चार भाग, अर्धा किलो उरेपर्यंत. मग सावलीत वाळवायची. हे सगळं घोकून गावात जावं तर शेतकऱ्यानं आधीच माती काढून ठेवलेली असते, तीही विहिरीजवळच्या, पिढ्यान्‌पिढ्या शेणखत खाल्लेल्या पट्टीतली. इन्स्पेक्टर येणार म्हटल्यावर मास्तर हुशार पोरं पहिल्या बाकावर आणून बसवतात, तसं. शिवाय ती भरलेली असते युरियाच्या रिकाम्या पिशवीत. मग रिपोर्टात नत्र असं काही येतं, की त्या रानाला पुढची काही वर्षं खत लांबून दाखवलं तरी पुरावं.

माणसाच्या या खोडीचा शास्त्रशुद्ध बंदोबस्त करणारा माणूस सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा, हे मला फार आवडतं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. चाळीसच्या दशकात त्यांनी पीक कापणीच्या प्रयोगांवरून दाखवून दिलं, की मोजायला फार लहान तुकडा घेतला तर उत्पन्न फुगून येतं. मोजणारा लबाडच असतो असं नाही. दोरीच्या कडेवर एखादं ताट डुलत असलं की हात आपोआप ते आत घेतो, इतकंच. तुकडा जेवढा लहान तेवढी त्याच्या मानानं कड जास्त, आणि कड जास्त तेवढा हा मोह जास्त. पुढे ते रोमला अन्न व कृषी संघटनेत गेले आणि १९५४ साली नमुना पाहणीच्या सिद्धान्तावरचं त्यांचं पुस्तक निघालं. आमच्या शाखेत मात्र त्यांचं नाव घेतलं जातं ते जोडीनं, पानसे आणि सुखात्मे. शेतीतल्या संख्याशास्त्रावरचं या दोघांचं पुस्तक संदर्भसूचीत नाही असा प्रबंध माझ्या तरी पाहण्यात नाही. पुस्तक न उघडता नाव लिहिणारे मात्र भरपूर पाहिले.

आता तो एक ग्रॅम. वॉकली आणि ब्लॅक यांनी १९३४ साली मांडलेली रीत अजून चालते. मातीवर नारिंगी पोटॅशियम डायक्रोमेट, त्यावर तीव्र सल्फ्युरिक ॲसिड. फ्लास्क असा तापतो की हातात धरवत नाही. अर्धा तास थांबायचं, पाणी घालायचं, आणखी दोन बाटल्यांतलं काही काही घालायचं आणि ब्युरेटखाली बसायचं. रंग गढूळ, मग जांभळट निळा, बराच वेळ निळाच. शेजारचा मित्र काहीतरी विचारतो, आपण मान वळवतो आणि तेवढ्यात एका थेंबात सगळं हिरवंगार होऊन गेलेलं असतं. तो थेंब नेमका कितवा, हे कुणी पाहिलेलं नसतं. पुन्हा नवा ग्रॅम.

याहून मजेची गोष्ट पुढे आहे. या रीतीनं मातीतला सगळा कर्ब जळतच नाही. मूळ संशोधकांना त्यांच्या नमुन्यांत सरासरी ७७ टक्के सापडला, म्हणून आलेल्या उत्तराला १.३ नं गुणायचं. वर्गात एकानं विचारलं, "सर, ते त्यांच्या मातीचं झालं, आपल्या मातीचं काय?" सर म्हणाले, "आधी गुणा, मग शंका काढा." आम्ही गुणलं. शंका परीक्षेनंतर काढायच्या ठरल्या. सकाळी पर्यावरणाच्या तासाला क्रोमियम किती घातक ते लिहून घ्यायचं आणि दुपारी तेच डायक्रोमेटचे फ्लास्क सिंकमध्ये विसळायचे, यातही तिथं कुणाला विसंगती वाटत नसे.

बरं, साक्षीदारानं निदान एका जागी तरी उभं राहावं! दख्खनच्या बेसाल्टपासून झालेली आपली काळी माती तेही करत नाही. तिच्यात स्मेक्टाइट गटाची चिकणमाती असते. पाणी प्याली की ती फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडतात, वरची भुरभुरीत माती त्यांत घरंगळते. पाऊस पडला की भेगा मिटू लागतात, पण आत आता जास्तीची माती अडकलेली असते. दाब वाढतो आणि खालची माती रेटा देत वर सरकते. असल्या जमिनीत घराच्या भिंती तडकतात, विजेचे खांब तिरके होतात, आणि विद्यार्थ्यानं वरच्या पंधरा सेंटिमीटरचा म्हणून घेतलेला नमुना पूर्वी कधी कुठल्या मजल्यावर राहत होता ते सांगता येत नाही.

हे डोळ्यांनी पाहायचं तर माणूसभर उंचीचा खड्डा हवा. खणायला गडी लावला की तो विचारतो, "विहीर का?" नाही. "संडासचा खड्डा?" नाही. "मग?" बघायचंय. यानंतर तो मजुरी आगाऊ मागतो. खड्ड्यात खोलवर मातीवर माती घासून झालेले चकचकीत तिरपे पृष्ठभाग दिसतात, आणि ते पहिल्यांदा दिसले तेव्हा मी सुद्धा ओरडलो होतो. गडी वाकून बघून गेला. सोनं निघालं असं त्याला वाटलं असावं.

मातीचा रंग ठरवायला मनसेलचं पुस्तक असतं. अल्बर्ट मनसेल अमेरिकेतला चित्रकलेचा शिक्षक, त्याची रंग मोजायची पद्धत मातीवाल्यांनी उचलली. पानांवर रंगांचे चौकोन आणि शेजारी भोकं, भोकामागे ओलं ढेकूळ धरून जुळवायचं. दोघांनी धरलं तर दोन रंग निघतात. त्या दिवशी आमचं एकमत झालं ते 'अतिगडद करडा' या चौकोनावर. गडी वरून म्हणाला, "काळी हाय की." ते पुस्तकाला मान्य नव्हतं.

पाण्याची तऱ्हा वेगळी. विहिरीचा नमुना घ्यायचा तर पंप आधी बराच वेळ चालू ठेवायचा, बाटली त्याच पाण्यानं विसळायची, मग भरायची. सोपं आहे. फक्त त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची असते. त्यामुळे जलविज्ञान रात्री दीडला, बॅटरीच्या उजेडात, पायाखाली बघत करावं लागतं. घरमालक घोंगडी पांघरून येतात आणि काळजीनं म्हणतात, "पाणीच पाहिजे होतं तर घरून तांब्या नसता का दिला?"

पण पाण्यात गंभीर गोष्टही शिकलो. सांगली-कोल्हापूरकडे, वाळवा, मिरज, शिरोळच्या बाजूला, कृष्णाकाठच्या सोन्यासारख्या जमिनी खारवट झाल्या आहेत. उसाला भरपूर पाणी, खाली भारी काळी माती, निचरा जवळजवळ नाही. जमिनीतल्या पाण्याची पातळी चढत मुळांपर्यंत येते, पाणी वाफ होऊन उडतं, क्षार मात्र वर बसून राहतात. मग जमिनीखाली छिद्रांचे पाइप गाडून ते पाणी बाहेर काढावं लागतं, हा खर्च एकट्या शेतकऱ्याला झेपत नाही, आणि पाइपाचं तोंड शेवटी कुणाच्या रानात काढायचं यावरून भाऊबंदकी होते. तिथला सल्ला आधीपासून ठाऊक आहे: पाणी कमी द्या. तो देणाऱ्याकडे लोक असे बघतात, की यानं ऊस कधी पाहिलाच नसावा.

पदवी मिळाल्यावर आमचे बरेच मित्र स्पर्धा परीक्षांकडे वळले. तिथं माती फक्त सामान्य ज्ञानाच्या पेपरात येते. माझ्याकडे राहिले नातेवाईक. पुण्याची आत्या परवा स्टीलच्या डब्यात माती घेऊन आली. तुळस पिवळी पडते, वर्षभरात तिसरी. मी डबा उघडला, माती बोटांत दाबली, तर तिच्यातून पाणी गळलं.

"आत्या, पाणी कमी घाल."

"एवढं शिकलास ते हेच सांगायला?"

"हेच."

"अरे, रोज सकाळी तांब्याभर तरी घालायलाच लागतं तुळशीला," ती म्हणाली, आणि तपासणी नीट व्हावी म्हणून डबा माझ्याकडेच ठेवून गेली.