गवत पाळायचंय

(दिवेआगर. मे महिन्याची अखेर. जांभ्याच्या गडग्याच्या अलीकडे नारळी-पोफळीची वाडी, पलीकडे निवृत्त होऊन पुण्याहून आलेल्यांचा नवा बंगला. बंगल्यापुढे लॉन होतं. सध्या त्याचा रंग खाकी आहे. वाडीत आगोटीची कामं चालू आहेत. म्हणजे वाडीवाल्यांना बोलायला अजिबात वेळ नाही, आणि म्हणूनच ते गडग्याला टेकून उभे आहेत.)

बंगलेवाले : काका, लॉन काढून टाकतोय.

वाडीवाले : मेलेल्याला काढायचं काय? उचला.

बंगलेवाले : त्या जागी गवत लावणार.

वाडीवाले : (वाकून बघत) मग हे काय होतं?

बंगलेवाले : हे लॉन. मी म्हणतोय ते स्थानिक, इथलं मूळचं गवत. पाणी नको, खत नको, औषध नको.

वाडीवाले : ते आहे माझ्या वाडीत. जन्मभर उपटतोय. मुळासकट देतो, गाडीभाडं तुमचं.

बंगलेवाले : थट्टा नाही. मुलगा इलिनॉयला असतो ना, त्याने घरापुढे प्रेअरी केलीय.

वाडीवाले : सूनबाई काय म्हणाल्या?

बंगलेवाले : प्रेअरी म्हणजे गवताळ माळ हो! अमेरिकेच्या मध्यावर पुरुषभर उंच गवत होतं, मुळं दहा-दहा फूट खाली. 1837 साली इलिनॉयमध्येच जॉन डीअर नावाच्या लोहाराने पोलादी नांगर केला आणि सगळी जमीन उलथली गेली. उंच गवताच्या शंभर एकरांतले आज चार एकरसुद्धा शिल्लक नाहीत. म्हणून लोक आता घरोघर लावतात.

वाडीवाले : म्हणजे आधी गवत नांगरलं, मग मका पेरला, मग घरं बांधून लॉन केलं, आणि आता बी विकत आणून पुन्हा गवत. बरं आहे, हाताला काम राहतं.

बंगलेवाले : बी त्याने मलाही दिलंय. (खिशातून पुडी काढतात.) बिग ब्लूस्टेम!

वाडीवाले : आहे तिथेच ठेवा. घाणेरी अशीच कोणीतरी बागेला शोभा म्हणून आणली. गाजर गवत अमेरिकेच्या गव्हातून आलं म्हणतात. आणि या देशात त्याची पहिली बोंब कुठे झाली, ठाऊक आहे?

बंगलेवाले : कुठे?

वाडीवाले : पुण्यात.

(पुडी खिशात जाते.)

बंगलेवाले : ठीक. कोकणातलंच लावू. मी वाचलंय, आपल्या सड्यांवर ग्लायफोक्लोआ नावाची गवतं उगवतात. भारतीय द्वीपकल्पाबाहेर जगात कुठे नाहीत. एकाचं तर नावच रत्नागिरिका!

वाडीवाले : ती कातळावरची. पाऊस आहे तोवर जगायचं, बी टाकायचं, मरायचं. इथे वाळू आणि खारा वारा. सड्यावरचं उचलून इथे लावलंत, की तेही तुमच्यामाझ्यासारखं नाही, नुसतं तुमच्यासारखं होईल.

बंगलेवाले : मग लावू काय?

वाडीवाले : न्हाणीचं पाणी जातं तिथे वाळा. मुळं पुरुषभर खाली जातात, माती धरतात, माठात टाकायलाही होतात. उन्हाच्या जागी मारवेल, गुरं जीव टाकतात त्यावर. आणि वरच्या अंगाला कुसळी.

बंगलेवाले : कुसळीचे फोटो पाहिलेत. संध्याकाळच्या उन्हात काय दिसते!

वाडीवाले : दिसते. तिचं कुसळ ओलं झालं की पीळ सुटतो आणि ते गरगर फिरत मातीत शिरतं, आपलं आपण पेरून घेतं. माती नाही मिळाली तर पायमोजात पेरून घेतं. तुमच्या कुत्र्याचे कान लांब आहेत ना?

बंगलेवाले : (कुत्र्याकडे बघत) कडेकडेने लावू. आणि काका, गवतात प्राणी-पक्षी येतील ना? मुनिया, फुलपाखरं?

वाडीवाले : येतील. फुरसंही येईल.

बंगलेवाले : फुरसं?

वाडीवाले : स्थानिक आहे हो! अगदी मूळचं.

बंगलेवाले : आम्हाला निसर्गाच्या सान्निध्यात राहायचं होतं, पण...

वाडीवाले : आम्ही राहिलो. 3 जून 2020. सान्निध्य इतकं, की माझी कौलं कोणाच्या परसात आणि कोणाचा पत्रा माझ्या विहिरीत.

बंगलेवाले : ते ‘निसर्ग’ वादळ झालं.

वाडीवाले : पोफळी आडव्या पडल्या. वरची सावली गेली, खाली ऊन आलं, आणि पहिल्या पावसाला वाडीभर काय तरारलं? नव्या पोफळीला धरायला पाच-सात वर्षं लागतात, गवताला पाच-सात दिवस. तुमच्या मुलाला तेव्हा बोलवायला हवं होतं, आयती प्रेअरी होती.

(डोक्यावर भारा, हातात विळा घेऊन कापणीवाली येते.)

कापणीवाली : काका, पेंढा पडवीत टाकू?

वाडीवाले : टाक. आणि ऐक, साहेब गवत लावतायत.

कापणीवाली : (भारा न उतरवता) कशाला?

बंगलेवाले : असंच, मावशी. वाढू द्यायचं. हात लावायचा नाही.

कापणीवाली : मग कापनार कोन?

बंगलेवाले : कोणी नाही. नैसर्गिक!

कापणीवाली : साहेब, गवत कापलं नाय तर खालचं कुजतं, वरचं वाळतं. दुसऱ्या वर्साला घाणेरी येते, तिसऱ्याला रानमोडी. मग आत शिरायला वाट नाय. तिकडं अमेरिकेत काय कोन कापत नाय?

बंगलेवाले : (जरा थांबून) पूर्वी बायसन चरायचे. रानरेड्यासारखे, केसाळ. कळपच्या कळप. आणि मूळचे रहिवासी गवत पेटवायचे. आता बायसन गेले, तर काही वर्षांआड मुद्दाम जाळतात.

वाडीवाले : मग नवीन काय सांगितलंत? आमच्या वरकसावर गुरं चरतात, दिवाळीच्या आगेमागे गवत कापतो, पातेरा-गोवर आणून राब भाजतो. त्या जमिनीला कागदावर कोणी पडीक म्हणतं, म्हणू दे. तुम्ही सरळ पेटवा. डेक सागवानी आहे ना?

बंगलेवाले : पेटवायचं नाही!

कापणीवाली : माझी म्हस हाय. केस कमी हायत, पन खाते तेवढंच.

बंगलेवाले : बागेत म्हैस?

कापणीवाली : म्हस नाय यायची. मी येते, कापून नेते. कुसळ धरायच्या आत. बी पडायला एक कोपरा ठेवते. बुडखे जिते र्‍हातात, पावसात परत फुटतात.

बंगलेवाले : पण मग हिवाळ्यात माझ्या बागेत उरणार काय?

कापणीवाली : खुंट.

बंगलेवाले : पाहुणे हिवाळ्यात येतात हो! आणि पावसाळ्यात आले, तर त्यांना वाटेल घर बंद आहे, मालक वारले. हे मुद्दाम लावलंय, हे कळायचं कसं? बोर्ड लावू?

वाडीवाले : कुसळीत बोर्ड बुडेल. कडेने आणि वाटेच्या दोन्ही अंगांना हात-हात रुंद पट्टी बारीक ठेवा. मधलं कमरेइतकं होऊ दे. कड राखलेली दिसली, की माजलेलंसुद्धा पाळलेलं वाटतं.

बंगलेवाले : (खूश होऊन) म्हणजे लॉनची एवढी पट्टी ठेवू! नळाजवळ थोडं जिवंत आहे.

कापणीवाली : (भारा गडग्यावर टेकवून नळाजवळ जाते, बसते, चिमटीने एक तुरा खुडते.) ही पट्टी मी राखीन. पैसं नको. गनपतीत जेवढी निघंल तेवढी माझी. जुड्या बांधून देवळापाशी बसते.

बंगलेवाले : कसल्या जुड्या?

कापणीवाली : एकवीस-एकवीसच्या. दुर्वांच्या.

बंगलेवाले : मावशी, ते बर्म्युडा आहे! गालिच्यासारखं गुंडाळून ट्रकने आणलं, चौरस फुटाच्या भावाने!

वाडीवाले : (गडग्यावरून हात लांबवून तुरा घेतात, उन्हात धरतात.) हरळी. कालच हाराभर उपटून गड्याने बांधावर टाकली.

बंगलेवाले : (खाली बसत) चौरस फुटाने...

कापणीवाली : देवाला चालते, साहेब.

वाडीवाले : चालते. फक्त यंदा जुडीचा भाव बर्म्युडाचा लाव गो.