बेसमेंटकर

अमेरिकेतल्या प्रत्येक महाराष्ट्र मंडळात एक बेसमेंटकर असतो. खरं आडनाव काही का असेना. आरती संपून आमटी पुन्हा गरम होईपर्यंतच्या वेळात जो चार पुरुषांना गोळा करून तळघराचा जिना उतरतो, तो बेसमेंटकर. आमचा न्यू जर्सीतल्या एडिसनचा. दिवसा एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो आणि संध्याकाळी गुडघ्यांना पॅड बांधून भिंतीपुढे बसतो.

भिंत काँक्रीट ब्लॉकची. इथलं घर जमिनीच्या वर सगळं लाकडाचं आणि जिप्समच्या पत्र्यांचं. जोरात टेकलं तर शेजारच्या खोलीतला फोटो तिरका होतो. बांधलेली म्हणावी अशी भिंत मिळते ती फक्त तळघरात. बेसमेंटकर तिच्यावर भाळला, आणि तिथे टाइलचा शॉवर करायचं त्याने ठरवलं. कारण सांगताना आईचे गुडघे पुढे केले. आई डोंबिवलीहून सहा महिन्यांसाठी येणार, तिला आंघोळीला वरच्या मजल्यावर चढायला नको. तळघरही जिन्यानेच गाठावं लागतं, हे बायकोने नजरेस आणून दिलं. "पण ते उतरायचंय," तो म्हणाला. आंघोळ झाल्यावर आईने परत वर यायचं कसं, हा विषय दुसऱ्या टप्प्यासाठी राखून ठेवला.

कामाची सुरुवात प्लास्टिकच्या एका तुकड्याने झाली. तो ब्लॉकवर चारही कडांनी घट्ट चिकटवायचा आणि दिवस-दोन दिवस वाट पाहायची. थेंब प्लास्टिकच्या पाठीमागे, भिंतीकडे आले तर ओल बाहेरच्या मातीतून येते. खोलीच्या बाजूला आले तर ती हवेतलीच. बेसमेंटकर मध्यरात्री टॉर्च घेऊन खाली जायचा. थेंब पाठीमागे निघाले. दुसरा कोणी खचला असता, हा खुलला. ब्लॉकवर जागोजागी फुललेला पांढरा क्षार तो पाहुण्यांना नखाने खरवडून दाखवू लागला.

मग शॉवरचं काम सुरू झालं ते छपरावर. तळघरातली ओल बहुतेक वेळा पन्हळीतून घराच्या पायाशीच सांडणाऱ्या पावसाची असते, म्हणून पन्हळी साफ केल्या, त्यांचे पाइप लांबवले, अंगणाला घरापासून बाहेर उतार दिला. शेजारच्या अमेरिकन आजोबांनी काय चाललंय विचारलं. "बाथरूम," हा शिडीवरून म्हणाला.

या वेडाचं मूळ मला ठाऊक आहे. त्याचं बालपण डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर गेलं आणि तिसऱ्या मजल्याची मोरी त्यांच्या स्वयंपाकघरात गळत असे. ओट्याशेजारी कायमची एक बादली. वडिलांची सोसायटीला पत्रं, सोसायटीची वडिलांना उत्तरं. वरच्यांनी विटांच्या तुकड्यांचा कोबा दोनदा घातला. गळती जागा बदलून पुन्हा हजर. वडिलांनी मुलासाठी काय ठेवलं असेल तर ती फाइल. आता मुलाच्या शॉवरखाली न्यू जर्सी राज्याची माती आहे, तिला सोसायटी नाही, सेक्रेटरी नाही. पण रक्तातली धास्ती भूगोल बघत नाही.

जॅकहॅमर भाड्याने आणून त्याने जमिनीची लादी फोडली. घराचा सांडपाण्याचा मुख्य नळ लादीखालूनच गेलेला निघाला हे नशीब. तो वर असता तर सांडपाणी चढवायला वेगळा पंप आला असता. दोन इंची पाइप, फुटाला पाव इंच उतार, परमिट, इन्स्पेक्टर, सगळं रीतसर. ब्लॉकच्या भिंतीत नळ घालता येत नाहीत, शिवाय ते तिथे थंडीत गोठतात, म्हणून ब्लॉकला फोमचे ताव चिकटवून त्यापुढे नवा सांगाडा उभा केला. जमिनीसाठी सिमेंट-वाळूचा कोरडा माल. मूठ आवळली की लाडू वळला पाहिजे, पण हात ओला होता कामा नये. त्या दिवाळीत त्याने बायकोच्या बेसनावरही हीच चाचणी केली. तिने त्या वर्षी लाडू विकत आणले.

जिना उतरलेल्या पाहुण्यांना मुख्य प्रवचन मिळतं ते श्लुटर कंपनीच्या केशरी कापडाचं. "टाइल पाणी अडवत नाही," तो आवाज खाली आणून सांगतो. "ग्राउट तर मुळीच नाही. टाइल ही शोभा. पाणी अडवतं ते मागचं कापड." जन्मभर टाइलच्या भरवशावर आंघोळ केलेली माणसं हे ऐकून गप्प होतात. तेवढ्यात वरून जेवायची हाक येते आणि कोपऱ्यात ग्राउट न घालता सिलिकॉन का भरायचं, हे पुढच्या गणपतीवर जातं. खरं सांगू? मंडळातल्या पुरुषांचे बाकीचे विषय म्हणजे पेन्शनची खाती, टेस्ला आणि मुलांची कॉलेजं. त्यांच्यापेक्षा मला ही ओल बरी वाटते.

टाइल लावण्याआधी भोकाला बूच मारून पाणी तुंबवून ठेवतात, चोवीस तास. इन्स्पेक्टर समाधानाने सही करून गेला, पण बेसमेंटकराचं समाधान झालं नाही. पेन्सिलची रेघ मारून त्याने ते आणखी दोन दिवस ठेवलं. पातळी केसभर उतरली. ते वाफ होऊन गेलं, हे सिद्ध करायला शेजारी तेवढ्याच पाण्याचं घमेलं मांडलं. घमेल्यातलंही केसभर उतरलं तेव्हा कुठे तो जेवला.

शॉवर झाला तो देखणाच. उतारावर मोठी टाइल बसत नाही म्हणून खाली दोन इंची बारीक चौकटी, वर राखाडी, सांधे रेघेसारखे. दारावर सूचना लागल्या: अंग पुसण्याआधी भिंत पुसावी, नंतर अर्धा तास पंखा चालू ठेवावा. तो स्वतः अजून वरच आंघोळ करतो.

आई आली. पहिल्या सकाळी तिने स्टूल आणि बादली मागून घेतली, वरचा फवारा बघितलासुद्धा नाही. हा दाराबाहेर उभा. शेवटची अर्धी बादली तिने एकदम ओतली तेव्हा याने कान दाराला लावला.

"गेलं का गं पाणी?"

"गेलं की. खाली कोण राहतं?"

"कोणी नाही आई, खाली माती आहे."

"मग गळलं तर गळलं! एवढं कापड कशाला लावत बसलास?"

ती केसांना पंचा गुंडाळून बाहेर आली, तर त्याने तिच्यासाठी खुर्ची मांडून ठेवली होती. हातात तो पहिला प्लास्टिकचा तुकडा होता.

"बस," तो म्हणाला. "पाणी नेहमी खालीच जातं असं नसतं, आई."